निर्यात होतो रंग, मागे राहतं पाणी

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय महासंघाने आपल्या वेशीवर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज या सहा गोष्टी बाहेरून आणणाऱ्या व्यापाऱ्याला, त्या बनताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते आता दाखवावं लागेल आणि त्याची किंमतही मोजावी लागेल. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती भरून द्यावी लागत होती. आता पैशाची वेळ आली आहे. भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेत याला हरकत घेतली आहे, उद्योजक नाराज आहेत, आणि हवामानाच्या नावाखाली युरोप स्वतःचे कारखाने वाचवतो आहे, असं उघड बोललं जातं. या तक्रारीत तथ्य आहे. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंती मिळवली, त्यांनी आता गरीब देशांच्या मालावर धुराची पट्टी बसवावी, हे न्यायाला धरून नाही.

पण ही तक्रार करताना आपण एक गोष्ट बाजूला सारतो. जगाच्या बाजारात आपला माल स्वस्त पडतो, त्यामागे आपले कष्ट आणि कौशल्य आहेच. पण त्या मालाच्या खर्चातला एक भाग कारखानदार भरत नाही आणि गिऱ्हाईकही भरत नाही. तो आसपासच्या गावांच्या विहिरी भरतात. ही वसुली कुणीतरी कधीतरी करणारच. माझं म्हणणं असं की ती आपणच करावी, आपल्याच देशात करावी, आणि ती नुसत्या कार्बनची नको, पाण्याचीही हवी.

पाण्याचं नाव मी मुद्दाम घेते. जागतिकीकरण आणि प्रदूषण हा विषय निघाला की बोलणं लगेच हिमनद्या, समुद्राची पातळी, जागतिक परिषदा यांकडे जातं. बडोद्यात राहणाऱ्याला इतकं लांब जायची गरज नाही. शहराच्या वायव्येला कोयली, बाजवा, रणोली, नंदेसरी असा पट्टा आहे. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ खताचा कारखाना आला, १९६९ मध्ये आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीची स्थापना झाली, आणि त्यांच्या आधाराने नंदेसरीसारख्या, गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या (जीआयडीसी) वसाहतींत लहान-मोठे रसायनांचे कारखाने उभे राहिले. इथल्या मराठी घरांनाही यातूनच बरे दिवस आले. सयाजीरावांच्या काळात संस्थानच्या नोकरीसाठी आलेली माणसं दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या वाड्यांत राहिली. त्यांची नातवंडं रिफायनरीच्या, आयपीसीएलच्या पगारावर सुभानपुरा, मांजलपूरला स्वतःच्या घरात गेली. त्या पगाराचं मीठ आमच्याही घरात आहे. म्हणूनच या विषयावर बोलणं मला कर्तव्य वाटतं. कारखाने नकोत म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

या पट्ट्याचं सांडपाणी सुरुवातीला मिनी नदीत आणि तिथून महीत जात होतं. महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं, म्हणजे नदीच्या वाळूतून पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरींचं, पाणी बडोदा पितं, तेव्हा हे चालणारं नव्हतं. म्हणून १९८३ मध्ये एक बंदिस्त चॅनल बांधून सुरू केला गेला. साधारण ५५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग पादरा तालुक्यातून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत जातो आणि प्रक्रिया केलेलं पाणी महीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताच्या भरती-ओहोटीत सोडतो. त्या काळाच्या मानाने ही चांगली योजना होती. शहराचं पिण्याचं पाणी वाचलं. पण चॅनल ज्या गावांतून गेला त्यांना वाटेत काय मिळालं? पुढे त्याच्या कडेने आणखी कारखाने वाढत गेले, आणि लुणासारख्या गावांत बोअरला लागणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. पाऊस ओढ देतो त्या वर्षी शेतकऱ्यांनी चॅनलचं पाणीच पंप लावून शेतात घेतल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. पादरा हा भाजीचा तालुका आहे. खंडेराव मार्केटमध्ये येणारी पापडी, तुरीच्या शेंगा, वांगी, भेंडी यांतली बरीच तिकडची. म्हणजे वाचलेलं शहर फार वाचलंय अशा भ्रमात राहू नये.

त्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या अंगणात बसून त्यांच्याशी बोलण्याचा योग आला होता. विषय पाण्याचा निघाला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. पिण्यासाठी आणि डाळ शिजवण्यासाठी गावाच्या टाकीचं पाणी, म्हशी धुवायला बोअरचं, अशी घरातली वाटणी त्यांनी सांगितली. मग म्हणाले, "बेन, नमुना घ्यायला माणसं येतात, बाटली भरतात, त्यावर चिठ्ठी चिकटवतात आणि जातात. आमच्या पाण्यात काय आहे ते आम्हाला सांगायला कुणी परत आलेलं नाही." त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की चहा टाकीच्या पाण्याचा आहे, निर्धास्त घ्या. पाहुण्याला चहा देताना हे सांगावं लागणं ही माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता याचा जागतिकीकरणाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. त्यासाठी रंगधंद्यातली एकच वस्तू नीट पाहू. सुती कापडाच्या काळ्या, निळ्या, लाल रंगांसाठी एच-अॅसिड नावाचं मधलं रसायन लागतं. नॅप्थलीन, म्हणजे कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांचं मूळ द्रव्य, ते घेऊन त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्लाची आणि मग नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करतात. उरलेलं आम्ल चुन्याने मारतात, तेव्हा जिप्समचा गाळ पडतो. नंतर लोखंडाचा चुरा टाकतात, त्याचा काळा गाळ पडतो. पुढे कॉस्टिकमध्ये दाबाखाली शिजवून शेवटी पुन्हा आम्ल टाकलं की एच-अॅसिड तळाला बसतं आणि वर उरतं ते गडद तपकिरी पाणी. धंद्यातले लोक त्याला मदर लिकर म्हणतात. त्यात क्षार भरपूर, आणि नॅप्थलीनचे असे अवशेष की सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना ते पचत नाहीत. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत हे पाणी जवळपास जसं आलं तसं बाहेर पडतं. ते आटवावं तरी लागतं, नाहीतर जाळावं लागतं. दोन्ही कामांना भरपूर इंधन लागतं, म्हणजे पैसा लागतो, आणि कार्बनही.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे एका कारखान्याने एच-अॅसिड काढलं, निव्वळ निर्यातीसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात त्याचा हिशेब आहे: माल निघाला सुमारे ३७५ टन, आणि त्यापायी सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी व २,४४० टन गाळ. एक टन मालामागे साडेसहा टन गाळ. विहिरींचं पाणी पिण्याच्या लायकीचं उरलं नाही, माती नासली, लोक गाव सोडायला लागले. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवलं आहे की पाश्चात्त्य देशांत या रसायनाचं उत्पादन बंद झाल्याचं सांगितलं जातं, गरज मात्र तिथे कायम आहे आणि ती आपल्याकडचे कारखाने पुरवतात. माल कुणाला, गाळ कुणाला, हे इतक्या स्वच्छपणे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलेलं आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. आणि तरीही सुमारे ३७ कोटी रुपयांची ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा, असं त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. तोवर त्या गावात एक पिढी वाढून मोठी झाली होती.

बिछडीनंतर एच-अॅसिडचा धंदा थांबला नाही. अंकलेश्वर, वापी आणि बडोद्याच्या पट्ट्यात रंग आणि रंगाची मधली रसायनं बनतच राहिली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मोजमाप केलं, तेव्हा सगळ्यात वाईट गुण अंकलेश्वरला मिळाले आणि त्याच्या लगोलग वापी होतं. कृत्रिम रंगांचा धंदा मुळात जर्मनीचा. १८९७ मध्ये तिथल्या कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारच्या निळीची शेती बसली, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. शंभर वर्षांनी त्याच धंद्यातला घाणेरडा टप्पा जर्मनीतून निघून आपल्याकडे आला.

इथे एक दाखला उलट बाजूचाही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. १९९४ मध्ये जर्मनीने अॅझो या जातीच्या काही कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कॅन्सर करणारी द्रव्यं सुटतात. आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली आणि १९९७ मध्ये भारतानेही असे अनेक रंग बंद केले. जागतिक व्यापार नसता तर ते रंग आपल्याकडे आणखी किती वर्षं वापरले गेले असते कोण जाणे. लांबच्या गिऱ्हाइकाने अट घातली आणि इथला कारखाना सुधारला, असं होऊ शकतं याचा हा पुरावा आहे. पण ती अट नेमकी कशावर होती ते पाहा. ती कापडावर होती. अंगाला लागणाऱ्या सदऱ्यातून विष सुटू नये, एवढंच तिने पाहिलं. तो सदरा रंगवणारं रसायन बनवताना गावाच्या विहिरीत काय गेलं, हे तिने विचारलं नाही. वापरणाऱ्याच्या कातडीचं रक्षण करणारा नियम बनवणाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचत नाही, आणि युरोपच्या नव्या करालाही मी याच कसोटीवर पाहते. त्याच्या यादीत पोलाद आहे, खतं आहेत. रंग नाहीत, औषधांची कच्ची द्रव्यं नाहीत. नंदेसरीचा बहुतेक माल त्याला दिसतच नाही, आणि पाणी तर त्याच्या हिशेबात कुठेच नाही.

कार्बनच्या हिशेबातही हाच दोष मुळापासून आहे. १९९७ च्या क्योटो या हवामान करारापासून जगाने ठरवलं की धूर ज्याच्या हद्दीत निघाला त्याच्या नावावर तो लिहायचा. वस्तू कुणी वापरली हे विचारायचं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हिशेब उलटा मांडून पाहिला. एका देशात बनून दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या मालापायी निघणारा कार्बन डायऑक्साइड १९९० मध्ये जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या २० टक्के होता, २००८ मध्ये २६ टक्के झाला. टनांत मोजलं तर ४३० कोटींवरून ७८० कोटींवर गेला. १९९० नंतर ब्रिटनच्या हद्दीतलं उत्सर्जन घटत गेलं आणि त्याचं कौतुक झालं. पण तिथल्या लोकांनी वापरलेल्या आयात मालाचा धूर मिळवला, तर तोच आकडा २००७ पर्यंत वाढत होता. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पुढच्या दहा वर्षांत त्याचं उत्सर्जन दुपटीहून जास्त झालं. ती सगळी वाढ निर्यातीची नव्हे, चीनने आपली शहरंही त्याच काळात उभारली. पण तिच्यातला मोठा तुकडा युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जाऊन बसला हे खरं. आणि हा सगळा माल वाहणाऱ्या जहाजांचा धूर? जगाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजांचे आहेत, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात निघणारा धूर कुठल्याही देशाच्या बेरजेत धरत नाहीत.

जहाजांवरून आठवलं, की 'स्वदेशी घ्या, प्रदूषण टळेल' असा एक सोपा उपाय आपल्याकडे फार बोलला जातो. मला तो पटत नाही. बोटीने येणाऱ्या मालाचा किलोमागचा धूर फार कमी असतो. खरा धूर वस्तू बनताना निघतो. आपली सुमारे पाऊण वीज अजून कोळशाची आहे, त्यामुळे इथे गाळलेलं अॅल्युमिनियम जलविद्युतवर चालणाऱ्या देशातल्या अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतं. वस्तू कुठे बनली यापेक्षा ती कशी बनली आणि तिचा पुरा खर्च कुणी भरला, हे महत्त्वाचं.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो, विशेषतः शिकलेल्या मंडळींकडून: आधी श्रीमंत होऊ, मग आपोआप स्वच्छ होऊ. याला अभ्यासाचा आधार आहे. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका-मेक्सिको व्यापाराच्या निमित्ताने दाखवलं, की व्यापार वाढल्याने प्रदूषणावर तीन वेगवेगळे परिणाम होतात. उत्पादनाचा व्याप वाढतो आणि धूर वाढतो. कुठल्या देशात कुठला धंदा चालतो याची वाटणी बदलते. आणि तंत्र सुधारतं, त्याने धूर घटतो. शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड आधी उत्पन्नाबरोबर वाढतो आणि एका पातळीनंतर उतरतो, असं त्यांना आढळलं. पण सल्फर डायऑक्साइड ज्याने सोडला त्याच्याच डोळ्यांत जातो. म्हणून श्रीमंत झालेला समाज आरडाओरडा करून तो थांबवतो. कार्बन डायऑक्साइड ना दिसतो ना खोकला आणतो. आणि घाणेरडा धंदा दुसरीकडे पाठवून दिल्याने जी स्वच्छता आली, ती प्रत्येकाला कशी मिळणार? जर्मनीने धंदा आपल्याकडे पाठवला. आपण श्रीमंत झाल्यावर तो कुणाकडे पाठवायचा, इथिओपियाकडे की बांगलादेशाकडे? आणि आपोआप तर काहीच होत नाही. १९९५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबादचे ७५६ कारखाने बंद करायला लावले, कारण खारी नदीकाठच्या शेतकऱ्यांनी दावा लावला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर सांगितलं की सांडपाण्याची चालू यंत्रणा नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. तो दावा आपल्याच गुजरातमधल्या पर्यावरण सुरक्षा समितीचा. दरवेळी कुणीतरी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या तेव्हा पाऊल पुढे पडलं.

बाजारावर सगळं सोपवणाऱ्यांसाठी एक गोष्ट बडोद्यापासून फार लांब नाही. पंचमहालमधल्या रणजितनगरला रेफ्रिजरेटर-एसीत वापरायचा वायू बनवणारा कारखाना आहे. तो वायू बनताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू फुकटात निघतो. तो उष्णता कोंडण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट जबर, असं तेव्हाच्या नियमांत धरलेलं होतं. क्योटो करारातल्या योजनेखाली २००५ मध्ये या कारखान्याचा तो वायू जाळून टाकण्याचा प्रकल्प नोंदला गेला, भारतातल्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक. एक टन वायू जाळला की ११,७०० टन कार्बन वाचवल्याचं प्रमाणपत्र, आणि ते युरोपातल्या कारखान्यांना विकायचं. वायू जळला हे चांगलंच झालं. पण जाळायला यंत्राचा खर्च थोडा आणि प्रमाणपत्रांचं मोल प्रचंड, त्यामुळे जगभरच्या अशा कारखान्यांत मुख्य मालापेक्षा टाकाऊ वायू जास्त पैसा देऊ लागला. काही देशांत तर जाळायला मिळावा म्हणून तो जास्त निघू दिला जातो, असा संशय अभ्यासकांनी पुराव्यानिशी मांडला. शेवटी मे २०१३ पासून युरोपने ही प्रमाणपत्रं घेणं बंद केलं. मग २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या कारखान्यांना सरळ सांगितलं, हा वायू स्वतःच्या खर्चाने जाळा. आणि ते झालं! बाजाराने इतकी वर्षं ज्यासाठी भरमसाठ पैसे मोजले ते काम एका सरकारी आदेशाने झालं. मला यातून एवढंच दिसतं की पैसा कुठे, कशासाठी आणि कुणाच्या हातात जातो हे न ठरवता कार्बनचा बाजार मांडला, तर तो गावांपर्यंत पोचत नाही.

आपण स्वतः या हिशेबात गिऱ्हाईकही आहोत, हेही तितक्याच मोकळेपणाने कबूल करायला हवं. भारत हा जगातला सगळ्यात मोठा पामतेल आयात करणारा देश आहे. बडोद्याचं फरसाण, हॉटेलातली तळणी, बिस्किटं, साबण, सगळीकडे ते आहे. ते येतं इंडोनेशिया-मलेशियातून, जिथे पामच्या लागवडीसाठी जंगलं तोडली गेली, दलदलीच्या जमिनी सुकवल्या गेल्या. २०१५ मध्ये सुमात्रा आणि कालिमंतानला पेटलेल्या आगींचा धूर सिंगापूरपर्यंत कित्येक आठवडे कोंडून राहिला होता. पादऱ्याच्या विहिरीसाठी युरोपला जाब विचारायचा असेल, तर त्या जंगलांबद्दल आपल्यालाही उत्तर द्यावं लागेल. तसंच दरडोई उत्सर्जनाचं. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकन माणसामागे त्याच्या सहा-सात पट. जागतिक परिषदेत हे ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण ती सरासरी कमी राहते ती ज्यांच्या घरी एसी नाही, गाडी नाही अशा कोट्यवधी लोकांमुळे. त्यांच्या गरिबीची ढाल करून त्यांच्याच पाण्यात गाळ सोडायचा, हे मला कुठल्याही अर्थाने देशहित वाटत नाही.

जागतिकीकरणाने दिलेलं चांगलंही आपल्या डोळ्यांसमोर आहे. नर्मदेच्या बडोदा शाखा कालव्यावर सौर पॅनेलचं छत घातलेला १० मेगावॉटचा प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून त्यासाठी आले होते. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या नसत्या, तर आज गल्लीगल्लीतल्या गच्च्यांवर ती दिसली नसती. जर्मनीच्या अनुदानाने बाजार तयार झाला, चीनच्या कारखान्यांनी किंमत पाडली, आणि फायदा मांजलपूरच्या पेन्शनर काकांच्या वीजबिलाला झाला. त्या पॅनेलमधलं पुष्कळसं सिलिकॉन शिंजियांगच्या कोळशाच्या विजेवर तयार झालेलं आहे हे खरं, पण ते पॅनेल पुढची वीस-पंचवीस वर्षं कोळसा वाचवतं. माझा जागतिक व्यापाराला विरोध नाही तो यासाठीच. माझा विरोध आहे तो मालाबरोबर खर्चही प्रवास करत नाही याला.

मग करायचं काय? पहिली गोष्ट कार्बनची. युरोपच्या कायद्यातच अशी सोय आहे की माल जिथे बनला त्या देशात कार्बनची किंमत आधीच भरलेली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे भरायचं तर आहेच, फक्त ते ब्रसेल्सला भरायचं की आपल्या तिजोरीत, एवढं आपल्या हातात आहे. जून २०२३ मध्ये आपण कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. तिची किंमत लुटुपुटूची न ठेवता खरी ठेवा, आणि येणारा पैसा केंद्राच्या सर्वसाधारण खात्यात न मुरवता ज्या तालुक्यांत कारखाने आहेत तिथल्या पाण्यावर आणि स्वच्छ विजेवर खर्च करा. रणजितनगरच्या अनुभवावरून एवढी अट तरी आपण घालायला शिकलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची, आणि ती कुणी मागताना दिसत नाही. एच-अॅसिडसारख्या, टनामागे अनेक टन गाळ टाकणाऱ्या रसायनांच्या उत्पादनावर टनामागे ठरावीक सांडपाणी कर लावा. तो निर्यातीवर नको, उत्पादनावर हवा, म्हणजे सुरतच्या साडीलाही तो लागेल आणि हॅम्बुर्गच्या सदऱ्यालाही. कारखानदार तो किमतीत धरतील, गिऱ्हाईक देईल. त्या पैशातून मदर लिकर आटवण्याची सामायिक यंत्रणा चालवा, बाधित गावांना नळाचं पाणी द्या, आणि प्रत्येक नमुन्याचा अहवाल गुजरातीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ज्याच्या विहिरीतून बाटली भरून नेली त्याला ती विहीर कशी आहे हे कळण्याचा हक्क आहे. त्यासाठी नवा कायदा लागू नये.

यावर ठरलेलं उत्तर येतं: भाव वाढला तर ऑर्डर चीनला जाईल. हे उत्तर जुनं झालं आहे. २०१७ च्या सुमारास चीननेच आपल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांवर कडक कारवाई सुरू केली, पुष्कळ बंद केले, आणि एच-अॅसिडचे भाव भडकले. मार्च २०१९ मध्ये जिआंगसू प्रांतात शियांगश्वी इथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन ७८ माणसं गेली, त्यानंतर तिथली सक्ती आणखी वाढली. तेव्हा त्या ऑर्डरी आपल्याकडे वळल्या. गिऱ्हाइकाने वाढलेला भाव मुकाट्याने दिला. रंग लागतोच, सदऱ्याच्या किमतीत त्याचा वाटा इतका लहान, की तो थोडा महाग झाला म्हणून कुणी पांढरे कपडे घालायला लागत नाही. त्या वाढलेल्या भावातलं पादऱ्याला काय मिळालं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

लहान कारखानदाराची अडचण मात्र खरी आहे आणि ती डावलून चालणार नाही. नंदेसरीतला छोटा युनिटवाला मोठ्या व्यापाऱ्याला उधारीवर माल देतो. शेजारच्याने किलोमागे दोन रुपये कमी केले की त्याची ऑर्डर जाते. तो एकटा चांगलं वागायला गेला तर बुडतो. म्हणून हा कर एका वसाहतीपुरता किंवा एका राज्यापुरता लावून उपयोग नाही. नंदेसरीला पट्टी आणि महाराष्ट्रातल्या तारापूरला सवलत असं झालं, तर कारखाना तेवढा दक्षिणेला सरकेल आणि गाळ पादऱ्याऐवजी पालघरच्या खाडीत जाईल. तो दिल्लीतूनच लागला पाहिजे: अंकलेश्वर, वापी, नंदेसरी, तारापूर, सगळीकडे एकाच दराने, एकाच दिवशी. आणि त्याचा आग्रह धरायला बडोदा आणि पालघर या दोन्ही ठिकाणचे खासदार संसदेत एकत्र उभे राहायला हवेत.